जुन्या चर्चच्या छतासाठी निधी: सुरुवात कुठून करायची?

केळीबाग (प्रश्न)
आमचं धर्मग्राम (पॅरिश) वसई पट्ट्यातलं, चर्चचा मूळ भाग पोर्तुगीज काळातला. मंगलोरी कौलांचं छत, उताराचं मोजमाप ३,२०० चौरस फूट. दोन ठिकाणी गळतं. एका कैचीचं (छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याचं) भिंतीतलं टोक मऊ लागतंय. भिंतींना कधीतरी मारलेला सिमेंटचा गिलावा खालच्या चार फुटांत फुगून पडतोय. कंत्राटदाराच्या कागदावर ‘संपूर्ण नूतनीकरण, ४५ लाख’ एवढंच आहे. आर्थिक समितीचं म्हणणं, घरटी रक्कम ठरवून गोळा करायला लागू. फेस्ताला (चर्चच्या वार्षिक सणाला) सोडतीची कूपनं काढावीत का? आणि आखातात, कॅनडात असलेल्यांचे पैसे घेता येतात का?

चुनाभट्टी
तो कागद बाजूला ठेवा. ‘संपूर्ण नूतनीकरण’ म्हटलं की जुनी फरशी उखडण्यापासून स्लॅब टाकण्यापर्यंत काहीही त्यात बसवता येतं. जुन्या वास्तूंचं काम केलेल्या वास्तुविशारदाकडून तीन वेगळी अंदाजपत्रकं घ्या: छत, पाण्याचा निचरा, गिलावा. कामाचा क्रमही हाच.

कौलं ब्रासला (१०० चौरस फुटांना) साधारण १५०, म्हणजे तुमची ४,८००. तूटफूट धरून सव्वापाच हजारांचा हिशेब करा. उतरवताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजलं तर परत चढेल, बद्द वाजलं तर बाद. चांगली निघालेली जुनी कौलं एका उतारावर आणि नवी दुसऱ्या उतारावर लावा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा जुळत नाहीत, मिसळली की पाणी तिथूनच शिरतं.

कैचीचं टोक बहुतेक सिमेंटने चिणलेलं असणार, म्हणून कुजलं. अख्खी कैची बदलायला सांगतील, ऐकू नका. कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापून सुकलेल्या सागाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने बोल्ट मारून जोडता येतो. भिंतीत टोकाभोवती हवेला दोन बोटं जागा सोडा.

गिलावा शेवटी. सिमेंटमागे ओल अडकते, सुकताना क्षार फुलतात आणि दगडाचा पापुद्रा घेऊन निघतात. सिमेंट उतरवल्यावर भिंत एक अख्खा उन्हाळा सुकू द्या. मग किमान महिनाभर भिजवलेला कळीचा चुना १ भाग, धुतलेली नदीची रेती ३ भाग. खाडीची रेती अजिबात नको, क्षार परत आलेच. दोन थर मिळून २० मिलिमीटर, वर दहा-बारा दिवस ओलं गोणपाट. आणि ‘दगड छान दिसतो’ म्हणून भिंत उघडी ठेवायचा मोह टाळा. गोव्यात बॉम जेझू बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढला, तेव्हापासून तिथला जांभा पावसाचा मार खातोय.

रोजमेळ
पैशांचं सांगतो. धर्मग्राम स्वतंत्र नोंदणीकृत न्यास आहे की धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) न्यासाखाली, हे आधी फादरांकडून लेखी घ्या. पावती कोणाच्या नावाची, हे त्यावर ठरतं. एवढ्या मोठ्या खर्चाला बिशपांची लेखी परवानगीही लागेल. दुरुस्तीसाठी वेगळं बँक खाते उघडा, मिस्साच्या (चर्चमधल्या उपासनेच्या) दानपेटीचे पैसे त्यात मिसळू नका.

ज्याला सगळे ‘८०जी’ म्हणतात ती करसवलत प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीला आपोआप मिळत नाही. ती वास्तू केंद्र सरकारने त्यासाठी अधिसूचित केलेली लागते. खात्री नसताना पावतीवर छापलंत तर देणाऱ्याची वजावट नाकारली जाईल. एका माणसाकडून रोख २ लाख किंवा त्याहून जास्त घेऊ नका.

आखातात नोकरी करणारा भारतीय पासपोर्टवाला स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो, ती परदेशी देणगी धरत नाहीत. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेल्याची मात्र धरतात, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं कार्ड) असलं तरीही. अशी देणगी घ्यायला न्यासाकडे एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीवर घेऊन इकडे वळवणं २०२० पासून बंद आहे.

सोडतीची कूपनं नकोत. सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे, मग बक्षीस मिक्सरचं का असेना.

चर्च वसई किल्ल्याच्या जवळ असेल तर अंतर मोजा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्येही, दुरुस्तीला पुरातत्त्व कायद्याखाली परवानगी लागते. तिला वेळ लागतो, अर्ज पावसाळ्यातच करा.

वानोळा
घरटी ठरवलेल्या रकमेने दोन गोष्टी होतात. ज्यांना झेपत नाही ते मिस्साला यायला संकोचतात, आणि ज्यांना दसपट झेपतं ते तेवढीच देऊन मोकळे होतात.

त्यापेक्षा कौल विका. समजा छताचं काम साडेबारा लाखांचं, त्यावर १५ टक्के अनपेक्षित खर्चाला (लाकूड उघडल्यावर वाळवी निघतेच), म्हणजे जवळपास १४ लाख ४० हजार. भागिले ४,८००, एक कौल ३०० रुपये. यात रिपा (कौलांखालच्या लाकडी पट्ट्या), मजुरी, परांची सगळं आलं. नुसत्या कौलाची बाजारातली किंमत लावाल तर कौलं सगळी विकली जातील आणि चढवायला पैसे नसतील. कुणी एक घेईल, कुणी शंभर. कैचीचं टोक मोठ्या देणगीदारासाठी राखा. दारात छताचा आराखडा लावून दर रविवारी विकलेली कौलं रंगवा.

एकरकमी जमत नसेल त्यांना वचनपत्र द्या, दहा महिन्यांचे हप्ते. सगळी वचनं पुरी होत नाहीत, म्हणून कंत्राट खात्यात आलेल्या पैशांवरच करा. ऑक्टोबरात आगेऱ्याला (सुगीच्या सणाला) केळीचे घड, भाजी, नारळ यांचा लिलाव ठेवा, त्यात सोडतीची भानगड नाही. काम नाताळ उरकल्यावर सुरू करा. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात लग्नं जवळपास नसतात, तेव्हा अर्धं चर्च बंद ठेवता येतं. मेच्या मध्यापर्यंत शेवटचं कौल बसलं पाहिजे.

केळीबाग
४,८०० पेक्षा जास्त कौलांचे पैसे आले तर? उरलेले गिलाव्याला वापरता येतील?

रोजमेळ
पावतीवर नुसतं ‘छतासाठी’ असेल तर नाही. ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामाला ते वापरायचं, हा चर्चच्या कायद्यातला १२६७ वा नियम आहे. पहिल्या पावतीपासून छापा: ‘छतासाठी, शिल्लक राहिल्यास निचरा व गिलाव्यासाठी’. पावतीपुस्तक छापून झालं असेल तर शिक्का बनवून घ्या.