जुन्या डिझेलची टायमिंग चेन: वाजण्याआधीच बदलायची का?

रामबागकर
इंदुरात १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनच्या जुन्या स्विफ्ट, डिझायर, व्हिस्टा अजून बऱ्याच धावतात. माझं मत सरळ आहे. दीड लाख किलोमीटर झालेत आणि आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही, तर आवाजाची वाट बघू नका, टायमिंग चेन बदलून घ्या. पिस्टनांनी फिरणारा क्रँक आणि वॉल्व्ह उघडणारा कॅम यांना ही साखळी जोडते. रबरी टायमिंग बेल्टसारखी ठराविक मुदत नाही म्हणून लोक चेन जन्माची समजतात. हिने चाकाचे दात सोडले की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग थेट हेड उतरवावं लागतं.

टॅपेट
साफ नामंजूर. किलोमीटर बघून चांगलं, कधी न उघडलेलं इंजिन उघडायचं नसतं. आधी तपासा. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करा, बॉनेट उघडं ठेवून टायमिंगच्या बाजूला कान द्या. खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली तर टेन्शनरमधलं, म्हणजे ऑइलच्या दाबाने चेन ताठ ठेवणाऱ्या भागातलं, ऑइल रात्रीत उतरलेलं असतं, एवढंच. गरम इंजिनावरही आयडलला (पॅडल न दाबता) वाजत राहिली तर मामला गंभीर. अल्टरनेटर फिरवणारा बाहेरचा बेल्ट काढून वीस सेकंद चालवून बघा. आवाज गेला तर दोष अल्टरनेटरच्या किंवा दुसऱ्या पुलीचा, चेनचा नाही. मग स्कॅनर लावा. पी००१६ कोड म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकलाय. पण तोच कोड सेन्सर किंवा वायरिंगमुळेही येतो, तेव्हा नुसत्या कोडवर चेन मागवू नका.

रामबागकर
टॅपेटभाऊ, आवाज येईपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते, अडचण तिथेच आहे. चेन रबरासारखी ताणली जात नाही, कड्यांच्या सांध्यातले पिन आणि बुश झिजतात. समजा १३० कड्या आहेत आणि प्रत्येक सांध्यात ०.०२ मिलिमीटर झीज झाली, तर चेन २.६ मिलिमीटर लांब झाली. टेन्शनर पुढे सरकून ती ढील गिळतो, म्हणून आवाज नाही. पण ओढणारी बाजू लांबल्यामुळे कॅम मागे पडतो, वॉल्व्ह उशिरा उघडतात, थंडीत स्टार्ट जड होतो, खालच्या आरपीएमला दम कमी पडतो. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात चढताना तिसऱ्या गिअरवर गाडी गुदमरली की सगळे टर्बोलाच दोष देतात.

काळं_तेल
दोघंही ऑइलवरून घाईत पुढे गेलात. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते आणि पिन-बुशमध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. या इंजिनाचा संप, म्हणजे खालची ऑइलची टाकी, छोटा, जेमतेम तीन लिटरचा, म्हणून ऑइल लवकर घाण होतं. इंदुरातल्या राजवाडा ते पलासिया अशा रखडत्या शहरी चालीला १०,००० नाही, ७,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. आणि जुनं इंजिन वाजतंय म्हणून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतू नका! जानेवारीच्या सकाळी इतकं जाड ऑइल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं. तेवढा वेळ चेन तिला वाटेवर धरणाऱ्या गाइडवर आपटते, त्याच्या प्लास्टिकचे तुकडे पडतात आणि संपमधून ऑइल ओढणाऱ्या पिकअपच्या जाळीत अडकतात. मग प्रेशर पडतं आणि टेन्शनर आणखी ढिला.

टॅपेट
हे मान्य. म्हणून तर म्हणतो, आधी गेज लावून ऑइल प्रेशर मोजा. प्रेशरच कमी असेल तर नवी चेनही वाजणार. प्रेशर बरोबर असेल तर नुसता टेन्शनर बदलून बघायला काय हरकत आहे?

रामबागकर
हरकत आहेच. झिजलेल्या चेनवर नवा टेन्शनर घातला की आवाज दबतो, कॅम मागेच राहतो. टेन्शनरला मागे न येऊ देणारं खाचांचं रॅचेट पुन्हा शेवटच्या खाचेपर्यंत जातं आणि पुढे ढील घ्यायला जागा उरत नाही. काम करायचं तर पूर्ण: चेन, टेन्शनर, सगळे गाइड, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं), पुढचं ऑइल सील, नवा क्रँक बोल्ट. जुन्या स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वळलेले असतात, ते नवी चेन लवकर खातात.

टॅपेट
अन् हे सगळं करणारा मिस्त्री क्रँक आणि कॅम जागेवर धरणाऱ्या लॉकिंग पिनांवर जोर देऊन क्रँक बोल्ट सोडवतो! पिन वाकते, टायमिंग तिथेच चुकतं. बोल्टसाठी फ्लायव्हील (क्रँकवरचं जड चाक) वेगळ्या हत्याराने धरायचं, पिना फक्त जागा दाखवायला. दुसरी चूक सिलिकॉनची. कव्हरला तीन मिलिमीटरची बारीक रेघ पुरे. जास्तीचं आत गळतं आणि त्याच जाळीत जाऊन बसतं. धडधाकट इंजिन अशा हातात द्यायला माझा विरोध आहे.

काळं_तेल
मग मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा. टेन्शनर दाबून धरणारी खीळ आणि लॉकिंग पिना काढल्यावर क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरव आणि लॉकिंग पिना पुन्हा घालून दाखव. अलगद बसल्या नाहीत तर कव्हर लावायचं नाही. संप उतरवून जाळी धुवायची. सिलिकॉन सुकल्यावरच ऑइल भरायचं. पहिल्या वेळी इंजेक्टरच्या वायरींचे प्लग काढून, म्हणजे इंजिन पेटणार नाही, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता सेल्फ मारायचा, सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

रामबागकर
एवढं करून घेणार असाल तर दीड लाखांवर थांबायचं कारणच उरत नाही, टॅपेटभाऊ.

टॅपेट
उरतं. प्रेशर बरोबर, गरम इंजिन शांत, स्कॅनरवर कॅम जागेवर, तर मी ऑइल बदलेन आणि दहा हजार किलोमीटरनी पुन्हा मोजेन. प्रेशर बरोबर असूनही गरम इंजिन वाजत असेल, किंवा सेन्सर-वायरिंग ठीक असून कॅम मागे असेल, तर तुमचा पूर्ण किट.