जर्मनीत सरकार आहे, मग चर्च कशाला?

कुणीतरी लिहिलंय की श्रीमंत देशात गरिबांचं सगळं सरकारच बघतं, मग चर्चचं काय काम. जर्मनीपुरतं सांगतो. इथं चर्चचा मेंबर असाल तर इन्कम टॅक्सच्या ८ किंवा ९ टक्के (टॅक्सच्या रकमेवर हां, पगारावर नाही) चर्च टॅक्स सरकारच वसूल करून चर्चला देतं, मेंबर नसलेली आपली मंडळी यातून सुटतात. कारितास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्था हॉस्पिटलं, वृद्धाश्रम, काय काय चालवतात, पण त्याचा बराचसा खर्च सरकार आणि विम्याकडूनच येतो, तेव्हा ते सगळं पुण्य चर्चच्याच खात्यात जमा करणं काही पटत नाही. आणि लिम्बुर्गच्या बिशपांचं ते निवासस्थान, ३ कोटी युरोच्या आसपास खर्च! २०१३ मध्ये केवढा बोभाटा झाला, २०१४ मध्ये पोपनी त्यांचा राजीनामा मंजूर केला.

पण स्टुटगार्टचं लिओनहार्ड चर्च बघा. १९९५ पासून दर हिवाळ्यात काही आठवडे चर्चच्या आतच टेबलं मांडून गरम जेवण देतात, अगदी थोड्या पैशात, शिवाय डॉक्टर असतात, केस कापून देणारे असतात. बेघर माणूस आणि पेन्शन न पुरणारी आजी एकाच टेबलावर. सरकार भत्ता खात्यात टाकेल हो, पण शेजारी बसून जेवायला कोण येणार? मला विचाराल तर चर्चनं एवढं तरी करायलाच पाहिजे, आणि ते हिवाळ्यापुरतंच का म्हणे?