मंगळवारी कोण जाणार?

ताई: मंगळवारी ११ ला बाबांच्या पक्षाघातासाठी न्यूरोची अपॉइंटमेंट आहे. बाबांबरोबर कोण जाणार? मागच्या दोन्ही वेळी मीच गेले. तीन तास बाकावर, आत पाच मिनिटं. त्यात डॉक्टरांनी घरचं बीपी विचारलं तर दाखवायला वही नाही.

मोठे काका: शुभ सकाळ 🙏 सकारात्मक विचार हेच खरं औषध.

मावशी: औषध म्हणजे ती रक्त पातळ करायची गोळी. बरं वाटलं की अर्धी करा, असं परवा इथेच कुणीतरी टाकलं होतं. नाव घेत नाही.

मोठे काका: मी फक्त फॉरवर्ड केलं.

वहिनी: बीपीची वही मी रोज लिहिते, ताई. फ्रिजवर असते. जाताना न्यायची असते एवढंच. आणि कृपया उठवताना बाबांचा उजवा हात कुणी ओढू नका. खांदा सरकतो, फिजिओ सांगून थकली.

ताई: मंगळवार. ११. कोण?

मोठे काका: मला एक कळत नाही. आपण तासाभरात पोचलो, तरी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं नाही. निव्वळ निष्काळजीपणा.

ताई: काका, हे चौथ्यांदा सांगतेय. वेळ धरतात ती आपल्याला कळल्यापासून नाही, माणूस शेवटचा धड दिसल्यापासून. साडेचार तासांच्या आत ते इंजेक्शन. आपण सांगितलं रात्री १० ला झोपले, सकाळी ६ ला तोंड वाकडं. आठ तास तिथेच झाले.

मावशी: पण अक्का म्हणत होती पाचला उठले होते. पाणी मागितलं.

धाकटा: कुणाकडे?

मावशी: हॉलमध्ये कोण झोपतं?

दादा: माझ्याकडे. नीट बोलले. मला नंतर कुणी विचारलंच नाही.

ताई: सीटी स्कॅनच्या दाराशी डॉक्टर तीनदा विचारत होते, शेवटचं नीट बोलताना कुणी पाहिलं. तू गाडी लावायला गेला होतास. पाऊण तास.

दादा: जागा नव्हती.

वहिनी: खरंच नव्हती.

मोठे काका: जाऊ दे, झालं ते झालं.

ताई: इंजेक्शनचं तुम्हीच काढलंत, काका.

धाकटा: बाबा आज चष्म्याला किल्ली म्हणाले. मी चष्मा दिला तर हसले, पुन्हा म्हणाले किल्ली. स्पीचवाल्या मॅडम म्हणतात शब्द आपण पुरवायचा नाही, त्यांना शोधू द्यायचा.

मावशी: तुमच्या आत्याला गप्प बसणं जमायचं नाही.

आत्या: मी वाचतेय हं.

ताई: मंगळवार. ११.

दादा: मी नेतो. फाईल देऊन ठेव.

ताई: फाईल देते. सीटीची फिल्म तुझ्याच गाडीत आहे, मागच्या सीटवर, त्या दिवसापासून. दोन्ही वेळी डॉक्टर तीच मागत होते.