ला पाझमधील एका दिवसाबद्दल थोडी भर

बोलिव्हियातील ला पाझ शहरात एका दिवसात काय पाहावे, यावरच्या आपल्या लेखात सान फ्रान्सिस्को चर्च आणि चेटकिणींचा बाजार (जादूटोण्याच्या वस्तूंचा बाजार) पुरेसा आहे, असे म्हटले आहे. त्यात रोपवेची भर अवश्य घालावी, असे मला मनापासून वाटते. २०१४ मध्ये सुरू झालेली ही सेवा म्हणजे नोकरदार, विद्यार्थी आणि गोल टोपी व घेरदार झगा घातलेल्या, पाठीवर रंगीत कापडात बोजा बांधलेल्या आयमारा या मूळनिवासी समाजातील स्त्रियांची रोजची वाहतूक आहे. रोपवेच्या लाल मार्गिकेवरून, वरच्या पठारावरील शेजारच्या एल आल्तो शहराकडे चढताना खाली मोठी दफनभूमी लागते. तिथे पायी फिरल्यास मजल्यामजल्यांनी रचलेले कोनाडे आणि त्यांच्या काचेच्या दारांआड ताजी फुले, छायाचित्रे, आवडत्या पेयाची छोटी बाटली दिसते. मृतांशी इतका घरगुती जिव्हाळा मला फार भावला. ला पाझमध्ये श्रीमंत वस्ती खाली, दक्षिणेकडे आहे, कारण तिथे थंडी कमी आणि हवा कमी विरळ असते, तर सुमारे ४,००० मीटरवरचे एल आल्तो प्रामुख्याने कष्टकऱ्यांचे आहे. शक्यतो गुरुवारी किंवा रविवारी जावे; तेव्हा वर प्रचंड आठवडी बाजार भरतो.