श्रद्धा आहे म्हणून गोळ्या सोडायच्या?

इथे एका ताईंनी आपल्या मुलाबद्दल लिहिताना म्हटलंय की श्रद्धा पक्की असेल तर चिंतेवर औषध लागत नाही. मला हे पटत नाही, आणि बायबलातही मला तसं दिसत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा १९वा अध्याय काढून बघा. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळतो आणि झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. दूत येऊन उठवतो, उशाशी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो. दूत परत उठवून खाऊ घालतो. आधी झोप नि जेवण, बोलणं मग! येशूचा प्रेषित पौल, त्यानेही चिंता सोडा असं फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलं ते बेड्यांत असताना, आणि सांगितलं काय, तर आभार मानत सगळं देवापुढे मांडा. संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणताना मी तेच करते. मण्यामण्यागणिक छातीतली धडधड खरंच बसते. गोव्यात बांबोळीला फुलांचो खुरीस (भाविकांचा क्रूस) आहे आणि मानसोपचाराचं सरकारी इस्पितळही तिथेच. खुरसापाशी मेणबत्ती लावून डॉक्टरकडे गेलं तर विश्वास कुठे उणा पडतो? ताई, तुमच्या मुलाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. प्रार्थनेत मी त्याचं नाव घेईन.