क्लॅमिडिया निघालाय, नवरा म्हणतो मला त्रास नाही तर मी गोळ्या कामून घेऊ

बीडची_लेक: ताईंनो लई टेन्शनमदी लिहायलेय. दोन वर्षं झाली दिवस राहिनात, ओटीपोटात कळ यायची, अंगावरून पांढरं जायचं, पण बायकांना असतंच म्हणून सोडून दिलं. आता तपासणीत क्लॅमिडिया निघाला, म्हंजी संबंधातून लागणारा जंतू. दोघांनाबी डॉक्सीसायक्लिन ही जंतू मारायची गोळी दिलीय, 7 दिवस सकाळ-संध्याकाळ. माझा आज चौथा दिवस, ह्यांची स्ट्रिप टीव्हीपशी तशीच पडलीय, एकबी गोळी फोडली नाही. उलट मलाच विचारायलेत, हे तुला आलं कुठून. काय सांगू?

समुपदेशक_लातूर: ताई, त्रास नाही म्हणजे जंतू नाही असं नसतंय. दहातल्या सात-आठ बायकांना काहीच जाणवत नाही, पुरुषांतबी निम्म्याच्या आसपास तसंच. कधी लागला ते रिपोर्टवरून कळत नाही, महिनोनमहिने गप राहतो, म्हणून कुणी कुणाकडं बोट दाखवू नका. पण त्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत तर जवळ आले की परत तुम्हाला होणार. दोघांचा कोर्स संपेस्तोर संबंध नको, 3 महिन्यांनी परत तपासा. हा जंतू वर चढून गर्भनळ्या खराब करतो, मग दिवस राहत नाहीत नाहीतर नळीतच गर्भ राहतो, त्यात जीवावर बेततं. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमदी (संबंधातून लागणाऱ्या आजारांची ओपीडी) फुकट औषध मिळतं, जोडीनं जा. आमच्याकडं तपासणी न करता लक्षणं बघूनच गोळ्यांचं किट देतेत, त्यामुळं ज्याला काहीच होत नाही तो येतच नाही आन् पसरत राहतं, ह्याचंच लई वाईट वाटतं.

कोयत्यावरची: माझ्या जावंचं बी पांढरं जायचं, फडात पाणी नाही, आडोसा नाही, दवाखान्यात गेली तर खाडा कापतेत. शेवटी एका खाजगी डॉक्टरनं पिशवीच काढली, वय 28. जंतूची तपासणी कुणी केलीच नाही. आज बी कंबर धरून बसती. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा विषय विधिमंडळात गाजला, समिती झाली, पण बाईला पहिल्यांदा तपासा एवढंच मागणं हाय. ताई तुमच्या गोळ्या पुऱ्या करा, पिशवी काढा असं कुणी म्हणलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

मेडिकलवाला_परभणी: डॉक्सी भरपूर पाण्यासोबत घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, घशाखाली जळजळतं. दिवस गेल्याची शंका असली तर आधी डॉक्टरला सांगा, गोळी बदलून देतेत.

बीडची_लेक: समुपदेशक ताईंचं सगळं ह्यांना मोबाईलवर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण जेवल्यावर पहिली गोळी घेतली. सोमवारी दोघं जायलोत.