बॉक्सिंगचे चारही पट्टे एकाच्या कमरेला का टिकत नाहीत?

(बॉक्सिंगप्रेमींचा वाद; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

ठोसेबाज

मेवेदर ५० लढती लढला, ५० जिंकला. पॅकियाओ आठ वजनी गटांत जगज्जेता झाला. पण एकाच गटातले चारही मोठे पट्टे, म्हणजे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीओ आणि आयबीएफ या चार संघटनांचे जगज्जेतेपदाचे किताब, एकाच वेळी दोघांपैकी कुणाकडेही कधी नव्हते. २ मे २०१५ रोजी लास वेगासला दोघं एकदाचे भिडले, तेव्हाही डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीओ हे तीनच पट्टे पणाला होते. आयबीएफचा इंग्लंडच्या केल ब्रूककडे होता. पुढे जुलैत डब्ल्यूबीओने मेवेदरचा पट्टा काढून घेतला, कारण त्याने दोन लाख डॉलर फी मुदतीत भरली नाही आणि दुसऱ्या वजनी गटातले किताबही सोडले नाहीत. त्या लढतीतून गड्याने वीस कोटी डॉलरच्या वर कमावले होते! पैसे नव्हते असं थोडंच आहे? त्याच्या लेखी त्या पट्ट्याची तेवढीही किंमत नव्हती.

लोक लगेच म्हणतात, "घाबरला, टाळला." मला हे पटत नाही. चार संघटना, प्रत्येकीची फी मानधनातून कापली जाणार, आणि प्रत्येकीचा वेगळा मँडेटरी, म्हणजे ज्याच्याशी ठरावीक मुदतीत लढावंच लागतं असा आव्हानवीर. मोठा बॉक्सर वर्षातून फार तर दोनदा रिंगमध्ये उतरतो. चार मँडेटरी बसवायचे कुठे?

टायसन फ्युरीचं बघा. २८ नोव्हेंबर २०१५ ला ड्युसेलडॉर्फमध्ये त्याने व्लादिमिर क्लिच्कोला हरवलं. करारात परतीच्या लढतीची अट होती, आणि आयबीएफला हवी होती त्यांच्या मँडेटरीशी, ग्लाझकोव्हशी लढत. दोन आठवड्यांत पट्टा गेला, एकही ठोसा न खाता. २०२४ मध्ये उसिकने रियाधला फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. लेनॉक्स लुईसनंतर हेवीवेटमधला पहिला निर्विवाद, म्हणजे सगळे मोठे पट्टे एकट्याकडे असलेला, जगज्जेता. दीड महिन्याच्या आत आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला.

कोपरा नंबर दोन

सगळा दोष संघटनांवर ढकलून बॉक्सरला सोवळ्यात बसवू नका राव. रिडिक बोवे आठवतोय का? १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसने त्याला दुसऱ्याच फेरीत संपवलं होतं. १९९२ मध्ये बोवे होलिफील्डला हरवून जगज्जेता झाला, आणि डब्ल्यूबीसीचा मँडेटरी म्हणून समोर कोण? तोच लुईस. बोवेने काय केलं, तर लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये ते दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत. इथे कुठली फी आडवी आली?

रॉय जोन्सचंही तेच. लाइट हेवीवेटचे तीन पट्टे त्याच्याकडे, डब्ल्यूबीओचा जर्मनीत मिखालचेव्स्कीकडे. वर्षानुवर्षं नुसती चर्चा. ज्याला करायचं होतं त्याने केलं: माइक टायसनने नोव्हेंबर १९८६ ते ऑगस्ट १९८७ मध्ये तेव्हाचे तिन्ही पट्टे गोळा केले.

ठोसेबाज

टायसनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती मालिकाच एचबीओ चॅनेल आणि प्रमोटर (लढती भरवणारा) डॉन किंगने पट्टे एकत्र करायला आखली होती. एक चॅनेल, एक हिशेब. २०१८ मध्ये हेवीवेटमध्ये जोशुआकडे तीन आणि वाइल्डरकडे एक पट्टा होता, पण दोघांचे प्रमोटर वेगळे, चॅनेल वेगळी. बोलणी झाली, ईमेल फिरले, लढत झालीच नाही. उसिक-फ्युरीची रियाधची लढतही सौदी पैसा मध्ये पडला म्हणून झाली. बोवेबद्दल मात्र काही बोलत नाही. 😄

मधली सुट्टी

क्लिच्को बंधूंना विसरलात! २०११ ते २०१३ चारही पट्टे एकाच घरात होते, तीन व्लादिमिरकडे, एक विटालीकडे. आपसात लढणार नाही असा आईला शब्द दिलेला. यात ना भीती, ना फी.

वरळीकर

मला मुळात हा वादच फुकटचा वाटतो. पट्ट्यांना किंमत राहिली आहे का? ऑगस्ट २०१७ मध्ये वरळीच्या एनएससीआयमध्ये विजेंदरने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवलं, तेव्हा "दोन पट्टे" म्हणून आम्ही नाचलो होतो. नंतर कळलं की एक ओरिएंटल, दुसरा एशिया पॅसिफिक, म्हणजे प्रादेशिक पट्टे, आणि दोन्ही डब्ल्यूबीओचेच. (डोकलामचा तणाव होता, म्हणून जिंकलेला पट्टा परत द्यायलाही तो तयार झाला, ते वेगळंच.) वर डब्ल्यूबीएचा एकाच वजनात "सुपर" जगज्जेता वेगळा आणि "रेग्युलर" वेगळा. असल्या बाजारात मेवेदरने चौथा पट्टा घेतला नाही म्हणून त्याचं काय अडलं?

कोपरा नंबर दोन

अडलं नाही, पण प्रश्न तर राहिला ना? पट्टा निमित्त आहे हो. चार पट्टे एकत्र करायचे म्हणजे समोरच्या जगज्जेत्यांना हरवावं लागतं, त्यात सगळं आलं. इनोवे दोन वजनी गटांत निर्विवाद झाला. क्रॉफर्ड तीन गटांत. त्यांना काय वेगळ्या संघटना होत्या?

ठोसेबाज

क्रॉफर्ड आणि स्पेन्स यांची लढत २०२३ च्या जुलैत झाली. क्रॉफर्ड तेव्हा ३५ वर्षांचा. त्याआधी क्रॉफर्ड टॉप रँक या प्रमोटर कंपनीकडे, स्पेन्स पीबीसी या दुसऱ्या गोटात. क्रॉफर्ड टॉप रँकमधून बाहेर पडला तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. आणि जिंकल्यावर? नोव्हेंबरमध्ये आयबीएफचा पट्टा गेला.

कोपरा नंबर दोन

बाहेर पडला ना? म्हणजे ठरवलं तर बॉक्सरच्या हातात असतं. हेच तर मघापासून सांगतोय.

ठोसेबाज

करार संपल्यावर हातात असतं. तोवर अर्धं करिअर संपलेलं असतं. बरं, तुमच्याच लुईसचं सांगतो. १९९९ मध्ये होलिफील्डला हरवून त्याने तेव्हाचे तीन मोठे पट्टे एकत्र केले. पुढच्याच वर्षी डब्ल्यूबीएचा अमेरिकन कोर्टाच्या निकालाने गेला. २००२ मध्ये आयबीएफचा त्याने आपणहून सोडला, आणि तो सोडावा म्हणून डॉन किंगने त्याला दहा लाख डॉलर आणि वर एक रेंज रोव्हर दिली, कारण किंगला त्या रिकाम्या पट्ट्यासाठी होलिफील्ड आणि ख्रिस बर्ड यांची लढत लावायची होती. पट्टा राखायला फी भरा, सोडायला गाडी घ्या. यात भित्रा कोण?

कोपरा नंबर दोन

लुईस नाही. पण बोवे होताच.